जपानी सिनेमा बघायला काकीबरोबर सांगलीला

जपानी सिनेमांत माणसं रडताना पाठ फिरवतात म्हणून ते मला आवडतात, असं मागे इथे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने विचारलं, "काका, साताऱ्याजवळच्या खेड्यात तुम्हाला हे वेड लागलं कुठून?" बाबा रे, सातारा ते सांगली एसटीने जाऊन लागलं. साल शहात्तर असेल किंवा सत्त्याहत्तर. महिना श्रावणाचा, एवढं पक्कं.

माझा कॉलेजातला मित्र दिलीप तेव्हा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा आणि सांगलीतल्या फिल्म सोसायटीचा सभासद होता. त्याचं कार्ड आलं: 'रविवारी सकाळी जपानी सिनेमा. आधी एक कार्टून. पाहुण्यांचे दोन पास काढलेत, ये.' मी ते सोप्यात मोठ्याने वाचलं. तिथे काकी डाळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"जपानचा सिनेमा? जपानातली मानसं दिसत्यात त्यात?"

"दिसणारच की."

"मग मलाबी ने."

घरात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तिच्या मनातलं कळलं. माझे थोरले चुलते, म्हणजे काकीचे मालक, लढाईत ब्रह्मदेशात गेले ते परत आलेच नाहीत. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. त्यांच्या पलटणीतल्या एकाने मात्र सांगितलं होतं की जपान्यांनी त्यांना धरून नेताना आपण डोळ्यांनी पाहिलं. धरून नेलं म्हणजे जपानात नेलं, आणि नेलं म्हणजे आहेत, असा काकीचा हिशेब. तीस वर्षं झाली तरी तिचं कुंकू होतं. दर पितृपंधरवड्यात माझे वडील विचारायचे, "वयनी, औंदा दादाचं पान वाढायचं का?" आणि ती म्हणायची, "जित्या मानसाचं पान वाढत्यात व्हय?"

सिनेमात माणूस सापडतो, ही तिची समजूतही हवेतली नव्हती. जत्रेतल्या तंबूत सिनेमाआधी सरकारी बातम्या दाखवायचे. त्यात एकदा आमच्या आळीतला, फौजेत गेलेला शंकर संचलनात क्षणभर दिसला होता आणि अख्खा तंबू ओरडला होता. शंकर दिसतो तर आपले मालक का नाही दिसणार? मी तिला घेऊन निघालो, आणि खरं सांगतो, मला तिची लाजच वाटत होती. सोसायटीत इंग्रजी बोलणारी माणसं असतील, त्यात ही.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी सांगतो: आज सातारा-सांगली गाडीने अडीच-तीन तासांत होतं आणि काही दिसत नाही. तेव्हा एसटी कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असं करत निम्मा दिवस खायची. कराडला गाडी बराच वेळ थांबली. श्रावणी शनिवार, काकीला उपवास. मी स्टँडवर कांदाभजी खाल्ली, तिने दोन केळी. पाऊस चालू, खिडकीची काच बंद होत नव्हती, आणि माझी डावी बाही सांगलीपर्यंत ओली राहिली. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, गळ्यात लग्नातली ठुशी.

पेठ नाक्यावर शिराळ्याची पंचमी करून परतणाऱ्या लोकांनी गाडी भरली. एक म्हातारी काकीशेजारी टेकली.

"कुटं निघालीस बाई?"

"सांगलीला."

"कोन हाय तितं?"

"मालकास्नी बघाय निघालेय," काकी म्हणाली. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.

मुक्काम दिलीपच्या खोलीवर झाला. सकाळी तो आम्हाला टॉकीजवर घेऊन गेला. बाल्कनीत जागा होती, पण काकी तडक पहिल्या रांगेत जाऊन बसली. "मागनं तोंडं नीट दिसायची न्हाईत."

आधी कार्टून लागलं. टोपीवाला एक बुटका कड्यावरून पडतो, भाकरीसारखा चपटा होतो, मग स्वतःला जमिनीपासून सोलून काढतो आणि चालू लागतो. काकी तोंडाला पदर लावून हसत सुटली. "मेल्यालं उठतंय की रं!" तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

कार्टूनबद्दल माझं मत त्या दिवशी जे झालं तेच आजही आहे. पडलं तरी लागत नाही, मेलं तरी उठतं, ही त्यातली गंमत मला प्राणाहून प्यारी आहे. पण पुढे जपानी कार्टूनं बघायला मिळाली तेव्हा माझी विकेटच पडली. त्यात एखादी मुलगी जेवता जेवता नुसती थांबते. काही घडत नाही. तिचं ते थांबणं चित्रकार शंभर चित्रं काढून दाखवतो. पळणं, आपटणं कुणीही काढेल. वाट बघणं काढायला छाती लागते. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर खाली जागा आहे.

मग मुख्य सिनेमा. कपडे शिवून पोट भरणारी एक बाई, तिची लग्नाला आलेली मुलगी, एवढीच गोष्ट. पण काकी गोष्ट बघतच नव्हती. बाजार आला, रस्ता आला की ती पुढे वाकायची. एका दृश्यात स्टेशनवर आगगाडीतून माणसांचा लोंढा उतरला तशी ती उभीच राहिली.

"आरं थांबीव की जरा! लय भराभरा चाललीत!"

मागून कुणीतरी शूऽ केलं. माझे कान तापले. दिलीपने मात्र तिला हात धरून खाली बसवलं आणि पडद्यावरच्या इंग्रजी ओळी तिला हळू आवाजात मराठीत सांगू लागला.

"आवं काकी, त्या बाईचा नवरा लढाईवर गेलाय. ब्रह्मदेशात. आलाच न्हाई."

काकीने मान वळवली. "ब्रह्मदेशात? कुनाकडनं?"

"त्यांच्याकडनं. जपानकडनं."

"म्हंजी आमच्या मालकांच्या म्होरं?"

दिलीपने मान डोलावली. त्यानंतर काकी एकदाही पुढे वाकली नाही. गर्दी आली, गेली. ती फक्त त्या बाईकडे बघत होती. शेवटी मुलगी सासरी जाते, बाई घरी येते, मशीनवर बसते आणि दोरा ओवते. ओवायला तिला तीनदा लागतं. संपला सिनेमा.

नंतर आम्ही गणपतीचं दर्शन घेऊन कृष्णेच्या घाटावर बसलो. पाणी गढूळ आणि पार वरपर्यंत चढलेलं. दिलीपने भडंग आणलं होतं. सांगलीला गेलात तर घ्या, पण तिथेच खा, घरी नेईपर्यंत सादळतं. मी शेवट किती ग्रेट आहे यावर तोंड भरून बोलत होतो. काकीने मला मध्येच थांबवलं.

"तिचा आला का मग?"

"दाखवलं नाही काकी. तीच तर मजा आहे."

"कसली मजा?" ती म्हणाली. "तिलाबी कुनी सांगितलं न्हाई. त्यांनी आमच्या मानसांस्नी नेलं म्हनून मी बसले, आन त्यांचीच मानसं घरला न्हाई आली. मग आमच्यांस्नी कुटं ठेवलं आसंल रं त्यांनी?"

मला त्या क्षणी सगळा सिनेमा नको झाला. आपण तिला कशाला आणलं, असं वाटून रडू आलं, आणि मी पाठ फिरवून नदीकडे बघत बसलो. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली.

भाद्रपदात पितृपंधरवडा लागला. वडिलांनी सवयीने विचारलं. काकी चुलीपुढे होती.

"वाढा," ती म्हणाली. "पर दोन वाढा."

"दुसरं कुनाचं?"

"त्या शिवनवालीच्या मालकांचं. तिच्या देशात घास ठेवायची चाल हाय का न्हाई, कुनाला ठावं."

ती बाई नटी होती, तिचा नवरा कुणीतरी कागदावर लिहून मारलेला होता, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. मी दोन्ही पानं घेऊन शिडीने कौलांवर चढलो. खालून काकी ओरडली, "त्येंचं आदी ठिव. पावनं हायती."

काकी जाऊन वीस वर्षं झाली. शेवटपर्यंत तिने कुंकू लावलं, आणि दर वर्षी पानंही वाढली. मी त्यानंतर ढिगाने जपानी सिनेमे पाहिले, त्यांतले निम्मे विसरलो. आता पितृपंधरवड्यात आमच्याकडे कौलांवर तिचंही पान असतं. पाहुण्यांचं अजून सगळ्यांच्या आधी ठेवतो. मध्ये माझ्या सुनेने विचारलं, पाहुण्यांचं नाव काय म्हणून. मला सांगता आलं नाही. आमच्या काकीसारखंच त्या बाईनेही सिनेमाभर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.