लाईट गेली की पाणी पिणारी गाय

मी मुळात भित्रा माणूस आहे. हे गावात कुणाला सांगत नाही, कारण आठ गाई सांभाळणाऱ्या माणसाबद्दल आमच्या अंबडच्या बाजूला लोकांचा समज वेगळा असतो. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यात येतात, शेणखत घरचं, तूप घरचं, मग याला कसली आलीय काळजी! प्रत्यक्षात सकाळी डोळे उघडायच्या आधी मी कान उघडतो. गोठ्यातून साखळ्यांचा आवाज येतोय का, कुणी कण्हत तर नाही ना, हे ऐकल्यावरच पांघरूण बाजूला करतो. बायको म्हणते, तुम्हाला गाई नाहीत, आठ तान्ही लेकरं झालीत. ती चिडवते खरी, पण एखादी गाय उठायला जरा वेळ लावू लागली की माझ्याआधी तीच गोठ्यात पोचलेली असते.

भीतीला कारणंही रोजची आहेत. पेंडीच्या पोत्याचा भाव दुकानदार अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखा वाढवून सांगतो. दुधाचा भाव मात्र वाढायचं नाव घेत नाही, आणि फॅट जरा खाली आली की आहे तोही कापला जातो. पाऊस लांबला तर खड्ड्यात मुरवून ठेवलेला चारा, म्हणजे मुरघास, पुरेल का, ही भीती. पाऊस जास्त झाला तर मुरघासाला बुरशी लागेल, ही भीती. डॉक्टर आला की त्याची फी, औषधं, आणि औषध चालू असेपर्यंत त्या गाईचं दूध केंद्रावर घालता येत नाही ते वेगळंच. यातलं काहीच एकदम अंगावर येत नाही. रोज थोडं थोडं येतं, आणि माणूस रोज थोडा थोडा घाबरत राहतो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमची मोठी गाय पाणी पिईनाशी झाली. नुकतीच व्यालेली, गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय. मुलगी जालन्याला कॉलेजात शिकते, तिची खोली आणि मेस या एका गाईच्या कासेवर चालते असं म्हटलं तरी चालेल. गोठ्याच्या टोकाला, छताला आधार दिलेल्या लोखंडी पाइपाला टेकून आमची पाण्याची टाकी आहे. तीही लोखंडीच, एका जुन्या टँकरची कापून केलेली. मोठी गाय तिथं जायची, पाण्याजवळ तोंड न्यायची, जिभेच्या टोकानं दोन थेंब चाटल्यासारखं करायची आणि एकदम मान वर करून मागं सरायची. मग लांब उभी राहून पाण्याकडं बघत राहायची. तहानलेली आहे हे तिच्या डोळ्यांत दिसायचं. मी टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला, चव घेतली. पाण्यात काही नव्हतं.

दुधाला पाणी लागतं, हे सांगायला डॉक्टर नको. दूध दिवसागणिक उतरत गेलं. तरी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ताप बघितला, पोट ऐकलं, तोंड उघडून जीभ बघितली. "सगळं बराबर आहे भाऊ," म्हणाले आणि भुकेचं औषध लिहून दिलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी जरा वेळ घेतला. चाऱ्याबरोबर एखादी तार किंवा खिळा पोटात गेला असेल तर असं होऊ शकतं, म्हणाले. मग मला रात्री झोप लागेना. पोटातली तार हळूहळू काळजाकडं सरकते असं मी कुठंतरी वाचलं होतं. नको ते वाचायची आणि ते पक्कं लक्षात ठेवायची मला खोड आहे. गाय आडवी पडलेली, गावातले लोक गोळा झालेले आणि मी तिला उचलून न्यायला ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतोय, असं चित्र उघड्या डोळ्यांपुढं यायचं.

आठवड्यात दुसऱ्या दोन गाईही टाकीपाशी तशाच वागू लागल्या. दूध काढायचं मशीन लावलं की लाथा झाडू लागल्या. आता ही एका गाईची गोष्ट राहिली नव्हती. आईनं मीठ-मोहरी उतरवून टाकली. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, पण त्या दिवशी मी गप्प उभा राहिलो आणि मनात म्हटलं, उतरू दे काय असेल ते.

आईविषयी इथं सांगायला हवं. माझी आई सत्तरीला आलीय, शुगर आहे, तरी गोठ्यात अनवाणी जाते. गोठ्याच्या तोंडाशी चप्पल काढायची, उजवा हात जमिनीला लावून कपाळाला लावायचा आणि मग आत पाऊल टाकायचं. गाय म्हणजे लक्ष्मी, तिच्या घरात पायताण घालून जाता येत नाही, हा तिचा नियम. मी दुग्धव्यवसायाचं प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस. मी गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट घालून फिरतो, बायको प्लॅस्टिकची जाड चप्पल घालते. आईचं म्हणणं, तुम्ही दोघं गोठ्यात जाता का चिखलात भात लावायला जाता! या विषयावर आमची भांडणं जुनी आहेत आणि त्यात मी कधी जिंकलेलो नाही.

त्याच दिवसांत एकदा दूध काढून झाल्यावर ती म्हणाली, "गोठ्यात उभी राह्यले की पायाला मुंग्या येऊ राह्यल्या रे."

"आई, तुला शुगर आहे," मी म्हणालो. "चप्पल घालत जा."

ती दुधाची कळशी उचलून घराकडं गेली. मीही विषय वाढवला नाही, कारण माझं सगळं लक्ष मोठ्या गाईच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडं होतं.

मग तो दिवस आला. सकाळपासून लाईट गेलेली होती. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि गावाकडच्या लाइनवर कुठंतरी झाड पडलं होतं म्हणे. दूध हातानंच काढलं. नंतर मी गोठ्यामागच्या तुकड्यात हत्तीगवत कापायला गेलो. थोड्या वेळानं बायको भारे बांधायला आली आणि येता येताच म्हणाली, "अहो, ती आत्ता पोटभर पाणी प्याली. टाकी निम्मी केली तिनं. बाकीच्या बी प्याल्या."

मला इतका आनंद झाला की विळा हातातून खाली पडला. औषध लागू पडलं, म्हटलं. तार नव्हतीच. मी उगाच घाबरत होतो.

"औषधानं न्हाई हो," बायको भाऱ्याला गाठ मारत म्हणाली. "परवाच्या दिवशी बी अशीच प्याली व्हती, लाईट गेल्ती तव्हा. ही बया लाईट गेली की पाणी पिती बघा."

तिनं ते हसत म्हटलं. मीही हसलो. आमच्याकडं लाईट गेली की सगळा गाव शिव्या देतो, आणि ही एक गाय लाईट जायची वाट बघते. असं काहीतरी मी बोललोसुद्धा. पण बोलता बोलताच मला प्रश्न पडला. गाय लाईट जायची वाट का बघेल? टाकीला टेकलेल्या त्या लोखंडी पाइपावरूनच पाण्याच्या मोटारीची वायर गेलेली आहे. टाकी लोखंडी, खाली जमीन कायम ओली. गाय तोंड लावते आणि मागं सरते. मशीन लावलं की लाथा झाडते. आणि अनवाणी माणसाच्या पायाला मुंग्या येतात.

"आई कुठंय?" मी विचारलं.

"टाकी घासायलीत. पाणी कमी झालंय तवर शेवाळ काढून घेते म्हणल्या."

मी वळून पाहिलं. गोठ्याची मागची बाजू उघडी आहे, त्यामुळं आई तिथूनच दिसत होती. टाकीत कमरेपासून वाकलेली. एक हात कोपरापर्यंत पाण्यात, दुसऱ्या हातानं तोल सांभाळायला पाइप धरलेला. पाय उघडे, ओल्या फरशीवर.

मी ओरडलो. आई, बाहेर ये, हात काढ! तिला आवाज ऐकू गेला, शब्द गेले नाहीत. तिनं मान न वळवता नुसता घासणीचा हात वर केला, म्हणजे थांब, येते. आणि पुन्हा वाकली.

लाईट कोणत्याही क्षणी येणार होती. मी पळत सुटलो. गमबुटांत गवत आणि चिखल भरलेला, पाय उचलत नव्हते. गोठ्यापाशी आलो तेव्हा मनात आलं की हिला ओढून बाजूला करावं. आणि त्याच वेळी हेही मनात आलं की ओढायला आणि लाईट यायला एकच गाठ पडली तर? ती पाइप सोडणार नाही, मी तिला सोडणार नाही. मेन स्विच घराच्या ओसरीत आहे. आईच्या पाठीमागून, तिच्यापासून हातभर अंतरावरून मी पळत पुढं गेलो. आयुष्यात मी इतका कधी घाबरलेलो नाही. तिला तिथंच सोडून पुढं चाललोय, असंच वाटत होतं. ओसरीची पायरी चढताना गुडघा आपटला. मेनचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि तसाच धरून उभा राहिलो. तो सोडला तर आपोआप वर जाईल असं काहीतरी त्या वेळी मला वाटत होतं.

मग गल्लीतली पिठाची गिरणी घरघर करत सुरू झाली. लाईट आली होती.

मी दांडा धरूनच खाली बसलो. बायको धापा टाकत आली, माझ्याकडं बघितलं, दांड्याकडं बघितलं, आणि तिच्या काय ते लक्षात आलं. ती तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली. आई हातातून पाणी निथळत मागून आली ती रागातच.

"सकाळधरनं लाईट न्हाई. आत्ता कुठं आली तं मेन पाडून बसलाय. गवताची कुट्टी कव्हा करायची?"

वायरमनला फोन केला आणि तो येईपर्यंत दोघींपैकी कुणालाच गोठ्यात जाऊ दिलं नाही. गाई हंबरत होत्या. वासरू ओरडत होतं. आई म्हणत होती, "मुकी जनावरं हायत, जल्दी बघ," आणि मी दारात आडवा उभा. वायरमन दुपारी आला. मोटारीची वायर पाइपाला जिथं बांधली होती तिथं गाई मान घासतात. घासून घासून तिचं वरचं आवरण गेलं होतं आणि आतली तार पाइपाला टेकत होती. अर्थिंग मी नंतर करू म्हणून ठेवलेलं. त्यानं आम्हाला लांब उभं केलं, क्षणभर मेन चालू करायला लावला आणि टाकीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मंद पेटला, पण पेटला.

"अजून बारीक करंट हाय," तो म्हणाला. "वायर थोडी जरी सरकली असती ना भाऊ, तर जनावर गेलं असतं. न्हाई तं माणूस."

संध्याकाळपर्यंत त्यानं वायर बदलली, ती प्लॅस्टिकच्या नळीतून वरून नेली, खड्डा घेऊन अर्थिंग केलं. खर्च बराच आला आणि तो मी घासाघीस न करता दिला. मोठी गाय लाईट असताना टाकीपाशी गेली. पहिल्यांदा नुसतंच नाक जवळ नेलं, मागं सरली, पुन्हा गेली. मग ती पाणी पिऊ लागली आणि बराच वेळ पीतच राहिली. बायको आणि मी बघत उभे होतो.

आई मात्र गाईकडं बघत नव्हती. ती ओसरीत पाय लांब करून बसली होती. वायरमन हत्यारं गोळा करत होता, त्याला तिनं विचारलं, "बाबा, मंग गोठ्यात पायाला मुंग्या येत्यात त्या करंटच्याच का?"

"हो आजी. दुसऱ्या कशाच्या?"

"बिलकुल दुसऱ्या कशाच्या न्हाईत?"

"न्हाई."

मग तिच्या डोळ्यांना धार लागली. मी घाबरून जवळ गेलो. तेव्हा ती बोलली. आष्टीच्या माझ्या मावशीचा पाय शुगरनं गुडघ्याखाली कापावा लागला होता. तिचंही मुंग्यांपासूनच सुरू झालं होतं. पहिल्यांदा मुंग्या, मग पायात काटा मोडला तरी कळेना. आईला वाटलं, आता आपली पाळी. रोज अंथरुणावर पडल्यावर ती पायाची बोटं चिमटून बघायची, दुखतंय का. घाबरल्यामुळं दुखतंय की नाही तेच तिला नीट कळायचं नाही.

"सांगायचं न्हाई का मला?" मी म्हणालो.

"गाय आटू राह्यली व्हती. डाक्टरचं, औषिदाचं चालूच व्हतं. त्यात माझे पाय कुठं काढू?"

गेले कितीतरी दिवस मी एका गाईसाठी घाबरत होतो, आणि त्याच गोठ्यात ती माझ्या शेजारी उभी राहून एकटी घाबरत होती.

आई उठली. पदरानं तोंड पुसलं. अंगणात नवा मुरूम टाकलेला आहे, त्याचे खडे अजून दबलेले नाहीत. ती अनवाणीच त्यावर उतरली आणि फाटकाकडं चालत निघाली. प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवत, त्यावर भार देत, सावकाश. फाटकाला हात लावून वळली आणि तशीच परत आली. येताना तिचा चेहरा वेदनेनं आक्रसला होता आणि ती हसत होती.

"टोचू राह्यलं," ती मला म्हणाली. "बराबर टोचू राह्यलं."