ॲम्प्लिफायरच्या मागे

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्यात माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, आणि ॲम्प्लिफायर उघडून आत हात घालणारा गावात मी एकटाच. त्यामुळे मी कायम हवेत. रीतसर मी कुणाकडेच शिकलो नव्हतो, पण तसं तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दुकानासमोर एक शिंपी बसत. मूळचे रोहिणखेडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायचो, ते मला 'बे' म्हणायचे. शिवण बाजूला सारून ते मांडीवर आडवी गिटार घेत आणि डाव्या हातातली लोखंडी दांडी तारांवरून सरकवत. गिटार अशी गायची की रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा लगाम ओढायचा. तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारा विजेचा पिकअप तिला मीच बसवून दिला होता. भाई लग्नांत वाजवायचे तेव्हा वाढपी वाढायचं विसरून ऐकत राहायचे आणि लोक पंगतीत त्यांच्या नावानं ओरडायचे.

भाईंचे डोळे जात चालले होते. सुईत दोरा ओवायला भाभींना हाक मारावी लागे. काजं वाकडी व्हायला लागली होती, गिऱ्हाईक काही न बोलता दुसऱ्या शिंप्याकडे वळत होतं.

"अजून दोन वर्सं, मंग हे बंद," शिलाई मशीनवर हात ठेवून ते एकदा म्हणाले. "पन गिटारले डोये नाई लागत बे."

अशात अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकानं त्यांना एका लग्नात ऐकलं. मालकाचा गिटारवाला सोडून गेला होता. आठवडाभरात रेल्वेच्या पार्सलनं एक पेटी आली. आत एको मशीन. त्यात टेपचा एक पट्टा गोल फिरायचा. वाजवलेला सूर त्याच्यावर उतरायचा आणि क्षणभरानं पुन्हा ऐकू यायचा. सोबत चिठ्ठी होती. आमची गाणी या मशीनवर बसवलेली आहेत, हात बसवून घ्या, रविवारी दुपारी येऊन ऐकतो, जमलं तर जागा तुमची. शेवटी एक ओळ होती: 'यंत्र ॲम्प्लिफायरच्या मागे जोडावे.'

ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. मला कोण शिकवणार!

गिटारची वायर मशीनमध्ये घातली आणि मशीनची वायर ॲम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूला, माईकच्या सॉकेटात. भाईंनी दांडी सरकवली आणि भोंग्यातून जो आवाज आला तो ऐकून त्यांनी हातच उचलला. आवाज पार फाटला होता. मशीनचं बटण कमी केलं तर फाटणं थांबे, पण सुरापेक्षा घरघरच जास्त. मशीन काढून गिटार सरळ जोडली की आवाज स्वच्छ. म्हणजे गिटार चांगली, ॲम्प्लिफायर चांगला, आणि दोघांच्या मधे मशीन आलं की सगळा नाश.

चार दिवस मी त्या नाशाच्या मागे होतो. वायर बदलली. ॲम्प्लिफायरमधले काचेचे व्हॉल्व्ह बदलले. अर्थिंगची सळई ओली करून पाहिली, मशीन ॲम्प्लिफायरपासून लांब नेऊन पाहिलं. काही म्हणता काही नाही. भाई रोज दुपारी येऊन बसत, दांडी हातात धरून.

"होईन ना बे?"

"होते भाई. काऊन घाबरता?"

घाबरलो मी होतो. त्यांचा हात मशीनवर बसायचा होता आणि मशीन अजून एकदाही धड वाजलं नव्हतं.

शनिवारी मी ती चिठ्ठी पुन्हा काढली. 'मागे जोडावे.' आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं मला वाटलं. विहिरीत ओरडलं की आधी आपला आवाज, मागून प्रतिध्वनी. म्हणजे आधी ॲम्प्लिफायर, त्याच्या मागे एको मशीन, शेवटी भोंगा! मी स्वतःवरच खूश झालो. ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला भोंग्याची वायर जोडायचे स्क्रू होते. तिथून वायर काढून मशीनमध्ये घातली, आणि मशीनमधून भोंग्याला.

भाई वाजवायला लागले. फार बारीक, पण आवाज आला, फाटलेला नव्हता. मागोमाग तोच सूर पुन्हा आला. भाईंचा चेहरा असा उजळला की आजही आठवला तरी मला बसल्या जागी घाम फुटतो.

"आला बे, आला! वाढव जरासा."

मी ॲम्प्लिफायरचं बटण वाढवलं. भोंग्याला जाणारी सगळी ताकद त्या नाजूक मशीनमध्ये शिरली. आधी वास आला, मग धूर, आणि पट्टा फिरायचा थांबला.

रविवारी मालक आले. भाईंनी नुसती गिटार ऐकवली. मालकांनी डोळे मिटून ऐकली, मग मशीन पाहिलं. ॲम्प्लिफायर फिरवून त्यांनी मागच्या बाजूच्या एका सॉकेटावर बोट ठेवलं. ते ग्रामोफोनचं सॉकेट होतं.

"मागे म्हणजे इथे, हो. या मशीनचा आवाज माईकपेक्षा दांडगा असतो, तो या सॉकेटालाच पेलतो."

त्या सॉकेटाकडे इतक्या दिवसांत माझं लक्षही गेलं नव्हतं. आमच्या धंद्यात माणूस पुढून बोलायचा आणि तबकडी मागून वाजायची. तबकडीच्या जागी दुसरं काही घालायचं कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"कोणी जोडलं हे?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. पण भाई आधी बोलले.

"म्या जोडलं जी."

मी तोंड मिटलं. दुकानाच्या दारात चार-पाच ओळखीची माणसं उभी होती.

मालकांना स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. पेटी माझ्या हातात होती. वाटेत ते म्हणाले, "हात फार सुंदर आहे हो या माणसाचा. मशीन काय, दुरुस्त होईल. पण न विचारता यंत्रात हात घालणारा माणूस मी गावोगाव कसा फिरवू?"

रस्त्यात आमच्याखेरीज कुणी नव्हतं. गाडीला अर्धा तास अवकाश होता. अर्ध्या तासात मी त्यांना चहा पाजला, कपाशीच्या बाजाराबद्दल बोललो, त्यांची पेटी डब्यात नीट ठेवून दिली. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो. गाडी हलली तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. माझी मलाच एवढी किळस पुन्हा कधी आली नाही.

परत आल्यावर भाईंना म्हटलं, "काऊन तसं म्हनले तुम्ही?"

"मशीन त जयालीच होती. माही जागा तशीबी गेली," ते म्हणाले. "तुह्या दुकानावर मंग कोन आलं असतं?"

मशीन जळाल्यानं जागा गेली नव्हती, 'म्या जोडलं' म्हटल्यानं गेली होती, हे मला स्टेशनच्या वाटेवर कळलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तो ऑर्केस्ट्रा नांदुऱ्यात आला. दुसराच गिटारवाला, आणि ॲम्प्लिफायर माझा. तोवर शिलाई मशीन भाभी चालवत होत्या आणि भाई ओट्यावर बसून असत. गिटारचा आवाज बरेच दिवस आला नव्हता. दुपारी मांडवात मी एको मशीनची वायर ग्रामोफोनच्या सॉकेटात घातली. पहिल्याच सुराला आवाज भरून आला, मागोमाग दुसरा, तिसरा, एकही फाटला नाही.

भाई कधी आले मला कळलं नाही. ॲम्प्लिफायरच्या मागे ते वाकले होते आणि वायर बोटांनी चाचपत सॉकेटापर्यंत गेले.

"आज बराबर लावलं बे तू," ते म्हणाले.

टोमणा असता तर मी सोसला असता. पण ते खरोखरच खूश झाले होते.