ग्रहणातलं गवत

माझ्या धाकट्या भावाचं दुखणं त्याच्या जन्माआधीच आमच्या घरात शिरलं, असं माय मानत असे. तो तिच्या पोटात असताना भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं. मेडशीतल्या पोटुशी बायका दारं लावून, हात मांडीवर ठेवून बसल्या. ग्रहणात काही कापलं की पोटातल्या लेकरात खोट येते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण आमची बकरी भुकेनं ओरडत होती. बाबा शाळेत मास्तर होते, आणि बुद्धाचा धम्म घेतल्यापासून असल्या समजुतींचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी मायच्या हातात विळा दिला. "काप तू. काय होते ते मी पाह्यतो."

तिनं बांधावरचं गवत कापलं. पेंढी मी डोक्यावर घेऊन घरी आणली.

भाऊ झाला तो चांगला बाळसेदार. पण वर्षाच्या आत त्याचे हातपाय सुजले आणि मग ते नेहमीचंच झालं. थंडी पडली किंवा पाण्यात खेळला की हाडं धरून असा रडायचा की शेजाऱ्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. डोळे कायम पिवळट. कोणी कावीळ म्हणे, कोणी वात. माय काही म्हणत नसे. पुढच्या प्रत्येक ग्रहणात ती मात्र हात मांडीवर ठेवून बसे, पोटात कोणी नसतानाही. एरवी जगाला शहाणपण शिकवणारे बाबा तेव्हा घराबाहेर निघून जात.

मी वाशिमला कॉलेजात सायन्स शिकत होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयात होते, तेव्हा मालेगावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. नागपुरात शिकलेले, स्वतःचा मायक्रोस्कोप घेऊन आलेले. मायबाबा आणि मी भावाला त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि बोटातून रक्ताचा थेंब काढला. त्यात तपासणीचं ताजं कालवलेलं औषध घातलं, वर काच ठेवली आणि आम्हाला बाहेर लिंबाखाली बसायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं आत बोलावलं. "रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात," डॉक्टर म्हणाले. "याच्या बघा."

आधी मी पाहिलं. मग मोठ्या हौसेनं मायला पुढे केलं. एकदा तिनं डोळ्यांनी आजार पाहिला की ग्रहणाचं भूत उतरेल, असा माझा हिशेब. तिनं एक डोळा मिटून पाहिलं आणि झटकन मागे सरली.

"इळे आहेत हे," ती म्हणाली. "इळेच आहेत. म्या कापलं होतं, डाक्तरसाहेब. गरवार असून ग्रहणात गवत कापलं होतं म्या."

इतकी वर्षं जे ती मनात म्हणत होती, ते आज काचेखाली तिला दिसलं होतं. बाबांनी मान खाली घातली.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी आम्हा तिघांच्याही बोटांना सुई टोचली. पुन्हा लिंबाखाली बसणं, पुन्हा आत जाणं. मायच्या रक्तात काही पेशी वाकल्या होत्या. बाबांच्याही.

"हा सिकलसेल, विळ्यासारख्या पेशींचा आजार. रक्तातला लाल पदार्थ म्हणजे मण्यांची लांब पोत समजा," डॉक्टर तिला म्हणाले. "त्यातला एक मणी बदललेला आहे, एकच. हे शास्त्रज्ञांनी आता शोधून काढलंय. ही पोत कशी ओवायची याची एक शिकवण आईकडून येते, एक बापाकडून. तुम्हा दोघांकडे एक वाईट असली तरी एक चांगली आहे, म्हणून तुम्हाला त्रास नाही. याच्या वाट्याला दोन्ही वाईट आल्या. गवताचा काही संबंध नाही, बाई."

माय बाबांकडे बघत राहिली. "यायनं तं काहीच कापलं नवतं," ती हळूच म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. तिचं ओझं उतरलं असं मला वाटलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझ्या सगळ्या गोल. तुला दोन्ही चांगल्या मिळाल्या."

मला आनंद झाला. अगदी आतून झाला आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण भाऊ माझ्याकडे बघत होता. एकाच मायबापाकडून मी चांगलं तेवढं उचललं होतं आणि उरलेलं त्याच्या पदरात पडलं होतं. एसटीत तो खिडकीपाशी बसला आणि मेडशी येईपर्यंत ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटला, "आमच्या ताईचं रक्त गोल आहे! डाक्तरनं पाह्यलं!" जणू मी परीक्षेत पहिली आले होते. मी त्याला गप्प बसवलं असतं, पण कुठल्या तोंडानं?

औषध आहे का, हे बाबांनी निघताना विचारलं होतं. दुखेल तेव्हा गोळी, भरपूर पाणी, थंडीत जपा. मुळावर अजून काही नाही, असं उत्तर मिळालं होतं.

पुढचं ग्रहण लागलं तेव्हा मी सुट्टीत घरी होते. माय नेहमीच्या जागी, भिंतीशी, हात मांडीवर ठेवून बसली. माझं टाळकं सरकलं.

"माय, डॉक्टरनं सांगितलं ना? तुझ्यानं काही झालं नाही. आता कायले बसतं?"

"ते समजलं मले," ती म्हणाली. आतल्या खोलीत भाऊ कण्हत होता. "पण औषध नाही म्हंते डाक्तर. मंग आता म्या काय करू, तू सांग."

मी तिच्या शेजारी बसले आणि हात मांडीवर ठेवले. बाबा दारात उभे होते. त्या दिवशी ते बाहेर गेले नाहीत. विळा कोपऱ्यात सरकवून तेही येऊन बसले. अंगणात बकरी ओरडत राहिली आणि आम्हा तिघांपैकी कोणीही गवत कापायला उठलं नाही.