नितळ पाणी

माशांच्या टाकीचा आज तळ दिसतोय. शेजारच्या काकू शेडमध्ये डोकावून म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंयस गं पाणी!"

मासे होते तेव्हा ते गढूळच असायचं. पंपाने वर वाफ्यात जायचं, माशांच्या घाणीवर पालक पोसायचा आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे यायचं. मासे शुभा बघायची, भाजी मी. भांडण झालं तेव्हा आम्ही भागीदारीची वाटणीही तशीच केली. ती मासे घेऊन गेली, वाफे मला राहिले. पाण्याचं काय, हे दोघींनाही सुचलं नाही.

शुभाला म्हणे तिकडे सारखं पाणी बदलावं लागतं. इथे पालक पिवळा पडलाय. पंप तेवढा चालू आहे. नितळ पाणी वर नेतो, नितळच खाली आणतो.