दुसरा भाग भेटला का?

वाचताना कोणी हाक मारली की ती डाव्या हाताचं एक बोट वर करायची आणि म्हणायची, "वाक्य तं होऊ दे."

चुलीवर भात करपत असो की दारात बिडीच्या ठेकेदाराचा माणूस उभा असो, बोट वर. एकदा शेजाऱ्याची म्हैस तिच्या अंगणात शिरून वालाचा वेल खात होती. आम्ही सगळ्या ओरडलो. तिनं बोट वर केलं, ओळ संपवली, चष्मा काढला आणि मग उठली. तोवर वेल म्हशीच्या पोटात गेला होता. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो.

दवनीवाड्यात आम्ही सात-आठ बाया दुपारी तिच्या अंगणात बिड्या वळायला बसायचो. बिडीच्या कामात हात गुंततात, डोळे गुंततात, कान मोकळे राहतात. ती आमच्यात एकटीच दहावी शिकलेली, म्हणून ती वाचायची आणि आम्ही ऐकायचो. वाचताना तिच्या हातून बिड्या होत नसत. म्हणून उठताना प्रत्येकीनं आपल्या बिड्यांतली एक मूठ तिच्या सुपात टाकायची. हा रिवाज कोणी पाडला ते मला माहीत नाही, पण कोणी तो मोडला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. मला वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की मी चिखलातल्या बैलासारखी थांबते.

ती गोड स्वभावाची होती असं मी म्हणणार नाही. गोष्टीत कोणी मेलं आणि एखादी सून डोळे पुसू लागली की ती म्हणायची, "रडाचं असन तं घरी जाऊन रड. इथं तंबाखू भिजून राहिली."

एका उन्हाळ्यात तिनं गोंदियाच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. नदीकाठच्या गावातल्या दोन जावांची गोष्ट. धाकटी भांडून, लेकरू मागे ठेवून, डोंग्यात बसून नदीपार जाते आणि तिथं पहिला भाग संपतो. दुसरा भाग वाचनालयात नव्हता. कोणीतरी नेला तो नेलाच. दुकानात विचारलं तर म्हणाले, आता छापत नाहीत.

"पाहाजो, परत येते ती," ती म्हणायची. "लेकरू आहे तिचं."

"नाही येत," मी म्हणायची. "आली तर मोठी तिला उंबऱ्यावर उभी करन का?"

यावरून आम्ही दोन वर्षं भांडलो. बायाही वैतागल्या. रोज कोणीतरी विचारायचंच, "दुसरा भाग भेटला का वो?"

मग तिच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळा. तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा रडली नाही. म्हणाली, "म्हणजे आता घाई करा लागते."

तिचा भाचा नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. त्यानं एका पर्यटक बाईच्या हातात पाटीसारखी एक मशीन पाहिली होती. तिच्यात पुस्तकं वाचता येतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि उजेड डोळ्यावर येत नाही. दुसरा भाग त्या मशीनवर विकत मिळतो, हेही त्यानंच शोधून काढलं. त्या दिवसापासून तिनं माझं डोकं खाल्लं.

आम्ही दोघी बसनं गोंदियाला गेलो. दुकानदारानं मोठा फोन पुढे केला.

"माताजी, टॅब ले लो. इसमें सब आता है. भजन, पिक्चर, व्हिडिओ कॉल."

"मले सब नाही पायजे. पुस्तक पायजे."

"पुस्तक भी आता है ना!" त्यानं तो चालू केला. तिनं पदर डोळ्यावर घेतला. "हा तं टॉर्च आहे बापा."

दुसऱ्या दुकानात त्यांनी ती वस्तू पाहिलीच नव्हती. तिसऱ्यात म्हणाले, ऑनलाइन मंगवा लो. उन्हात उभं राहून माझे पाय सुजले. मी म्हटलं, "कायले एवढा खटाटोप? मी सांगते ना, ती येत नाही."

"तुले कोणी विचारलं?" ती म्हणाली आणि एकटीच बसथांब्याकडे चालू लागली.

शेवटी भाच्यानं फोनवर फोटो दाखवले. लहान मशीन, मोठी मशीन, पाण्यात चालणारी मशीन. "मी पाण्यात कायले वाचीन?" ती म्हणाली. हातात न घेता लोक वस्तू कशी निवडतात मला कळत नाही. आम्ही वांगंही दाबून घेतो. तिनं मोठी निवडली. आली तेव्हा कळलं की हातात धरून मनगट दुखतं. मग तिनं ती सुपाच्या काठाला टेकवून ठेवली.

नवीन वस्तू, म्हणून तिनं आधी तिला हळदकुंकू लावलं. ते चार्जिंगच्या भोकात गेलं. मशीन चार्ज होईना. एका सुनेनं बिडीचं तोंड मुडपायच्या बारीक सळईनं ते सगळं कोरून काढलं, तेव्हा दिवा लागला. भाचा डोक्याला हात लावून बसला होता.

पहिलं पुस्तक त्यानं असंच, सवय व्हावी म्हणून घेऊन दिलं. उघडलं तर मुंगीएवढी अक्षरं. "मोठं कर," ती म्हणाली. होईना. पानांचे नुसते फोटो काढून विकायला ठेवले होते. ओढून मोठं केलं की ओळीचं डोकं दिसे आणि शेपूट बाहेर जाई.

"मावशी, हे असंच राहते. यात अक्षर वाढत नाही."

"मंग विकते कायले?"

तेव्हापासून तिनं नियम केला, आधी नमुन्याची फुकट पानं उतरवायची, अक्षर वाढतं का पाहायचं, मगच घ्यायचं. दुसऱ्या भागाचा नमुना उतरवला. अक्षर वाढलं. फुकट आहे म्हणून तिनं तो लगेच आम्हाला वाचून दाखवला. दोन दुपारी आम्ही नदीपारच्या गावात होतो. धाकटी एका घरी धुणंभांडी करत होती. एका संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडते, ती कडी काढते आणि समोर

इथं नमुना संपला. खाली लिहिलं होतं, पुढे वाचण्यासाठी विकत घ्या.

तिचं बोट हवेतच राहिलं. मी तिला एवढी संतापलेली कधी पाहिली नाही. "अरे, वाक्य तं पूर्ण करा, लुच्च्यांनो!" ती मशीनला म्हणाली.

आणि घ्यायचं तर घेता येईना. पैसे भरायचे की भाच्याच्या फोनवर आकडे यायचे, ते आकडे इथं टाकायचे. भाचा जंगलात. तिथं रेंज नाही. तो बाहेर येऊन आकडे पाहायचा, तोवर ते शिळे झालेले असत. शेजारच्या पोराला बसवून आम्ही किती वेळा केलं ते विचारू नका. भाचा घरी आला त्या दिवशी गावातलं नेट बंद. दुसऱ्या खेपेला आला तेव्हा बँकेनं कार्ड अडवलं. बाया रोज विचारायच्या, दारात कोण होतं? मी म्हणायची, दूधवाला असेल; ती म्हणायची, लेकरूच आलं असन.

या सगळ्यात पावसाळा गेला. तिच्या नजरेचा एक कोपरा गेला. एकदा ती ताट घेऊन उंबऱ्याला अडखळली तेव्हा मला कळलं. तिनं स्वतः सांगितलं नव्हतं.

धान कापणीला आलं तेव्हा पुस्तक एकदाचं मशीनमध्ये उतरलं. दारात मोठीचा नवरा होता. आम्ही दोघीही चुकलो.

ती वाचू लागली. अक्षर वाढवत गेली. आधी पानावर दहा ओळी मावत, मग पाच, मग एका वेळी चारच शब्द. चार शब्द वाचायचे, बोट लावायचं, पुढचे चार. गोष्टीचा धागाच तुटायचा. बाया एकमेकींकडे पाहायच्या, पण सुपात मूठ टाकायला विसरत नसत.

एका दुपारी तिनं मशीन माझ्याकडे सरकवली. "तुयं मोतीबिंदूचं आपरेशन झालं आहे. तू वाच."

"मले जमत नाही."

"मी कुठं जाऊन राहिली? अडली तं सांगतो."

मी अक्षर लहान केलं आणि वाचलं. जोडाक्षर आलं की थांबायची. ती मान खाली घालून बिड्या वळत असायची. तिच्या बोटांना नजरेची गरज नव्हती. "पहिलं अक्षर सांग," म्हणायची आणि लगेच शब्द सांगायची. कधी रागानं सांगायची. "मागच्या पानावर होता ना हाच! डोक्यात काय भुसा आहे?" मी दोनदा मशीन ठेवून घरी निघून गेले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत आले, कारण धाकटी अजून नदीपारच होती.

शेवटची दोन प्रकरणं राहिली आणि ती न्हाणीत पडली. लेक येऊन तिला रायपूरला घेऊन गेली. निघताना मशीन तिनं स्वतःच्या पिशवीत घातली. मी म्हटलं, ठेवून जा. म्हणाली, "तू चार्जिंग लावाले विसरशील. आठ दिवसांत येतो." कागदाचं पुस्तक असतं तर शेवटची पानं फाडून मागितली असती. मशीनचं काय फाडणार?

तिचा फोन आला. "नात वाचून देतो म्हणते. मी नाही म्हटलं."

"काऊन?"

"तिले हिंदी समजते, आपलं नाही. अन् तुमी नाही तं काय ऐकाचं?"

"मंग मशीन पाठवून दे इकडे."

"येतो ना मी."

ती आली नाही. पुसाच्या महिन्यात ती रायपूरलाच वारली.

पुढे लेक घर आवरायला आली. भांड्यांच्या ढिगात मशीन होती. "मावशी, हे बंद पडलं वाटते. चालत असंल तर ठेव." मी ती घरी आणून चार्जिंगला लावली. दिवा लागला आणि मशीन उघडली ती त्याच पानावर, जिथं मी थांबले होते. एक ओळही पुढे गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाया माझ्या अंगणात बसल्या. मी मशीन सुपाला टेकवली आणि वाचायला घेतलं. तिसऱ्याच ओळीत जोडाक्षर आलं. मी पहिलं अक्षर मोठ्यानं म्हटलं आणि थांबले. पानं कापणाऱ्या कात्र्या चालत होत्या.

"काऊन थांबली वो?" एका सुनेनं विचारलं.

मी तो शब्द सोडून दिला आणि पुढे वाचू लागले.