बर्फाच्या खणात बसलेले हरेश्वर सर

आधी कबूल करून टाकतो. हरेश्वर सरांच्या हातून झालेली म्हणून जी एकच चूक सगळ्या पाचूबंदरला माहीत आहे, ती त्यांची नाहीच. ती माझी आहे.

सरांच्या सत्कार समितीने सांगितलंय, गौरवग्रंथासाठी पहिल्या भेटीपासून लिही. तर बारावीत दुसऱ्यांदा आपटलो आणि वालीवला सरांच्या गाळ्यात कामाला लागलो. सर यंत्रं चालवणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, बाजारात एवढ्या भारी चिप असताना तुम्ही ही आठ पायांची म्हातारी का लावता? दुसऱ्या कोणी हाकललं असतं. सरांनी सुकेळ्यांचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "लावायची कुठे ते सांग. मग भारी कोण ते ठरवू."

सरांचं सगळं काम या एका प्रश्नावर चालतं. किंमत ते शेवटी बघतात. आधी विचारतात, वीज कुठून येणार, खारी हवा लागणार का, बिघडलं तर उघडणार कोण. बस्त्याव नाखवांना बोटीतल्या, मासळी ठेवायच्या बर्फाच्या खणासाठी यंत्र हवं होतं, बर्फ वितळायला लागला की भोंगा वाजवणारं. सर स्वेटर घालून स्वतः अर्धा तास त्या खणात बसले. वरून नाखवा म्हणाले, सर, तुमाला पन लिलावात काढू काय. सरांचे दात वाजत होते तरी हसले. पण तिथे बसल्यावरच त्यांना कळलं की खणात वायर टिकणार नाही, सेलवरच चालवायला पाहिजे.

मग दोन बोर्ड बनले. एक छोट्या चिपचा. तो मधूनमधून जागा होणार, गारवा बघणार, परत झोपणार. स्वस्त, आणि सेल महिनोन्‌महिने पुरणार. दुसरा वायफायवाला, माझ्या हट्टाचा. चिप थोडीशीच महाग, मोबाइलवर आकडे दिसतात, पण सेल नुसता ढोसतो. सरांनी छोटा निवडला, स्वतः डब्यात बसवला आणि जेवायला गेले. तेवढ्यात मी डबा उघडून आपला बोर्ड आत सरकवला. वाटलं, बोट परत आली की नाखवांना मोबाइलवर सगळे आकडे दाखवू, सर बघतच राहतील.

समुद्रात दुसऱ्याच दिवशी सेल संपले. नाखवांनी डबा आणून टेबलावर ठेवला. "सर, बरफाचं पानी झालं. मावरा नरम पडला. तुमचा डबा बोललाच नाय."

सरांनी डबा उघडला, बोर्ड बघितला आणि लगेच म्हणाले, चूक माझी, घालताना नीट बघितलं नाही. नुकसानही त्यांनीच भरलं. मी बाजूला डब्याचे स्क्रू गोळा करत होतो.

त्यानंतर सर नवीन कामं परत पाठवायला लागले. बोर्ड ओळखता येत नाही म्हणजे डोळे गेले, आता टेबल बंद करायचं, म्हणाले. ज्या दिवशी त्यांनी सोल्डरिंग गन पुसून खोक्यात भरली, त्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं ओकलो.

सरांनी खोक्याचं झाकण परत उघडलं. मग म्हणाले, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

त्यानंतर ते जे बोलले ते या ग्रंथात छापता येणार नाही.

मी म्हटलं, नाखवांना जाऊन सांगतो. सरांनी दंड धरून खाली बसवलं. "मी चुकलो तर नाखवा चार शिव्या घालून परत माझ्याकडेच येईल. तू चुकलास हे कळलं तर बंदरावर तुला कोणी स्क्रूला हात लावू देणार नाही. कोणाला सांगू नकोस. आधी काम शीक."

पुढच्या फेरीला छोटा बोर्ड मीच बसवला, त्याच खणात, स्वेटरशिवाय. सरांचीच आज्ञा होती. बोर्ड अजून चालू आहे. टेबलही चालू आहे.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो, आणि शंभरीतही त्यांनी मला असंच झापत राहावं. पण त्यांच्याबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, ते मला जमेना. म्हणून पाया पडतो, वाचलंत ते पोटात ठेवा. सर चिपची माहितीपत्रकं सोडून काही वाचत नाहीत, तुम्ही बोलला नाहीत तर त्यांना कळायचं नाही. आणि नाखवांना तर अजिबात सांगू नका. सत्काराला ते पहिल्या रांगेत बसणार आहेत, आणि खुर्च्या लावायला मीच आहे.