शैलाचं औषध आणि माझी पोच

बायकोचं औषध मी स्वतः चालत जाऊन पोलीस ठाण्यात जमा करून आलो. छापा पडला नव्हता, कोणी तक्रार केली नव्हती, कोणी मागितलंही नव्हतं. मीच अर्ज केला, तीन प्रतींत, आणि सोबत बाटली जोडली!

(कोणत्या गावचं ठाणं ते सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. तिथल्या माणसांचा यात काडीचा दोष नव्हता. होता तो सगळा अर्जदाराचा.)

मी तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मसुदा लिहिण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. हे मी म्हणत नाही, दोन तहसीलदार म्हणायचे. शैलाचं मत थोडं वेगळं. ती पाहुण्यांना सांगते, "याइनं लग्नाचा होकारही लेखी कळवला होता." (खरं आहे. तारीख टाकून कळवला होता.)

तर शैलाला नागीण झाली. पाठीवर डावीकडून फोड उठले आणि बरगडीखाली पट्टा पडला. बाभुळगावच्या तिच्या बहिणीनं गेरू लावायला सांगितला, तो लावला. डॉक्टरांच्या गोळ्याही घेतल्या. फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि सुटलो एकदाचे म्हणून मी नारळ फोडला. पण नागीण गेली तरी आग काही गेली नाही. नस दुखावली आहे, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्या वेळेचे आठ महिने झाले. त्या पट्ट्याला ब्लाउज सहन होईना, पदर सहन होईना, पंख्याचा वारासुद्धा सहन होईना. खुर्चीला पाठ टेकवायची सोय नाही. बसलं की कापड ताणायचं, म्हणून ती ओट्यापाशी उभी राहून जेवायची. झोप उजव्या कुशीवर, तीही तुकड्यातुकड्यानं. एका गोळीनं जरा बरं वाटलं, पण चक्कर येऊन न्हाणीत पडली, म्हणून ती बंद केली. एकदा भाजीची पिशवी तिच्या हातातून घेताना मी सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती ओरडली नाही. नुसती भिंत धरून उभी राहिली, तोंड पांढरंफटक. त्या दिवसापासून मी माझ्याच घरात बायकोपासून दोन हात लांबून चालायला लागलो.

शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून यवतमाळला आयुर्वेदाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधीचे सगळे कागद शांतपणे वाचले. (तिथंच त्या मला आवडल्या.) मग म्हणाल्या, "एक तेल देते. जिभेखाली दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण करून पाहू."

"कायचं तेल आहे जी?" मी विचारलं.

"विजया. म्हणजे भांग. गांजाच्याच झाडाची पानं."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"घाबरू नका, काका. परवान्यानं बनतं, आमच्या चिठ्ठीवरच मिळतं. चिठ्ठी आणि बिल जवळ ठेवा, झालं."

शैलाला भांग, गांजा, परवाना, कशाशीच घेणंदेणं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "यानं पाठ टेकवता येईन काय?"

"येईल अशी आशा आहे."

"मंग द्या."

आता माझी भीती उगाच नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला मी झरी जामणीला होतो. तिथं एका तुरीच्या वावरात गांजाची झाडं सापडली आणि पोलिसांनी सरकारी पंच म्हणून मला उचलून नेलं. मी पाकिटावर सही केली, लाखेच्या सीलवर सही केली, आणि पुढं कितीतरी वर्षं कोर्टात जाऊन "होय, ही सही माझीच" असं सांगत राहिलो. वकील माझ्याकडे असा पाहायचा की झाडं मीच लावली असावीत! तेव्हापासून ते पान म्हटलं की मला कोर्टाचा बाक आठवतो.

परतताना एसटीत माझ्या शेजारी एक खाकी कपड्यांतला माणूस येऊन बसला. मी बाटलीची पिशवी मांडीखाली सरकवली आणि तासभर तिच्यावर बसून राहिलो. तो ड्युटी संपवून घरी चाललेला ड्रायव्हर निघाला.

घरी आल्यावर शैलानं हात धुतले आणि बाटली मागितली.

"सील तोडू नको!" मी म्हणालो.

"काहून?"

"आधी ठाण्यात कळवून ठेवतो. उद्या कोणी काही म्हटलं तर?"

"कोण म्हणन? मले काय चौकात विकाची हाये?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

आठ महिने काढले त्यात एक दिवस कशाला मोजायचा, असं मला वाटलं. दिवस ती काढणार होती, म्हणून तसं वाटणं मला सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात हजर. टेबलाशी एक वयस्क हवालदार होता.

"काय झालं, काका?"

"काही झालं नाही."

"मंग कायले आले?"

"काही होऊ नये म्हणून."

त्यानं अर्ज वाचला, चिठ्ठी वाचली, बाटली उजेडात धरून लेबल वाचलं. मग म्हणाला, "डॉक्टरची चिठ्ठी हाये, बिल हाये. जा घरी, काकूले औषध द्या."

इथं एखादा शहाणा माणूस नमस्कार करून निघाला असता! मी म्हणालो, "पोच द्या."

"कायची पोच?"

"अर्ज मिळाल्याची. दुय्यम प्रतीवर सही, शिक्का, आवक क्रमांक."

"अहो काका, राहू द्या नं."

"नाही, नाही. पोच पाहिजे."

त्यानं उसासा टाकला, रजिस्टर ओढलं, शिक्का मारला. शिक्का मारायचा म्हणून अर्ज पुन्हा नीट वाचला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तिथं माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "सबब सदर बाटली पडताळणीकामी आपणासमोर सादर करीत आहे."

"काका, तुम्ही त बाटली सादर केली."

"ती लिहायची पद्धत असते हो!"

"असन. पण आता अर्ज आवक झाला, म्हंजे बाटलीही आवक झाली. वापस कशी देऊ? ठाणेदारसाहेब बंदोबस्तावर गेले, उद्या येतीन. तेच पाहतीन." आणि शैलाचं औषध त्यानं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी घरी आलो. शैला दारातच उभी होती. भिंतीपासून, चौकटीपासून, सगळ्यापासून अंग राखून.

"औषध कुठी हाये?"

"ठाण्यात आहे. पण पोच आणली."

तिनं पोच हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. मग तोंड उघडून जीभ वर केली आणि म्हणाली, "टाका मंग. याचेच दोन थेंब टाका."

इथंही प्रकरण निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी ठाणेदारसाहेब आले. तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी बाटली पाहिली आणि म्हणाले, "काका, हे औषध आम्हालाही नवीनच आहे. यवतमाळच्या औषध खात्याला पत्र टाकून विचारून घेतो. पण इथं लिहायला माणूस मोकळा नाही, दोन-चार दिवस..."

"साहेब, मसुदा मी करून देतो!"

होय. मीच म्हणालो. आपली जीभ कुठं आवरावी हे चौतीस वर्षांच्या नोकरीत कोणी शिकवलं नाही. ठाण्याच्या बाकावर बसून मी पत्र लिहिलं, आणि काय पत्र झालं! संदर्भ, विषय, प्रस्तावना. साहेबांना एकच गोष्ट विचारायची होती, मी पाच मुद्द्यांवर मार्गदर्शन मागवलं. पाचवा मुद्दा तर मलाच इतका अवघड वाटला की त्याचं उत्तर यवतमाळला मिळणार नाही, वर पाठवावं लागेल, हे मला लिहितानाच कळलं होतं. साहेबांनी सही केली. "छान लिहिता, काका," म्हणाले. मी तरंगत घरी आलो.

दुपारची वेळ होती. शैला ओट्यापाशी उभी राहून जेवत होती. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं पदर पाठीपासून लांब धरलेला. घास तोंडात होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आवाज नाही, काही नाही. दोन बाळंतपणांत न रडलेली बाई. मला पाहिल्यावर तिनं पटकन डोळे पुसले आणि विचारलं, "आणलं काय?"

मी तिला पाच मुद्द्यांबद्दल सांगितलं.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो. पण मले दुखून राह्यलं." ताटावर झाकण ठेवलं आणि आत गेली. मला माझी लाज वाटली. अशी की मी तिथंच खाली बसलो आणि उठावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः ऑटो बोलावला. "कुठं?" मी विचारलं. "तुमच्या कचेरीत," ती म्हणाली. तिला ठाणं आणि कचेरी एकच वाटायची, आणि त्या आठवड्यात ती चुकीची नव्हती. सगळा रस्ता ती पुढच्या सीटचा दांडा धरून वाकून बसली होती. खड्डा आला की डोळे मिटायची. मी शेजारी होतो, आधार द्यायला हात पुढं करायचो आणि मागं घ्यायचो.

"बसा ना, काकू," ठाणेदारसाहेब म्हणाले.

"बसता येत नाही म्हणून त आली."

साहेब खुर्चीतून उठले.

"साहेब, औषध माझं हाये. रोगी मी हावो. याइनं तुम्हाले काय लिहून देल्लं ते मले नाही समजत. माणूस भला हाये, फक्त कागदाशिवाय त्याले श्वास येत नाही. पण आठ महिने झाले, मी कपडा लावू शकत नाही पाठीले. एक फोन करा नं त्या डॉक्टरीणबाईले."

साहेबांनी चिठ्ठीवरचा नंबर लावला. बाई पलीकडून बोलल्या, लेबलवरचा परवान्याचा नंबर कुठं पाहायचा ते सांगितलं, साहेबांनी पाहिला. चहा येईस्तोवर सगळं संपलं.

"काका," साहेब म्हणाले, "हा फोन तुम्ही पहिल्याच दिवशी इथून का नाही करायला सांगितला?"

"फोनची पोच राहत नाही, साहेब."

हवालदारानं तोंडावर रुमाल धरला.

आता अर्ज मागं घेतल्याचं लिहून द्यायचं होतं. मी खिशातून पेन काढलं, कोरा कागद घेतला, समास सोडला आणि सुरुवात केली, "उपरोक्त विषयान्वये..." शैलानं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. उभ्याउभ्याच टेबलावर वाकून तिनं एक ओळ लिहिली, "औषध माझं आहे, वापस द्या." खाली सही.

"मसुदा याले म्हणते, काका," हवालदार म्हणाला, आणि कपाट उघडलं.

तिनं बाटलीचं सील तिथंच तोडलं. ठाण्यात, ठाणेदारासमोर, भिंतीवरच्या व्यसनमुक्तीच्या पाटीखाली उभं राहून माझ्या बायकोनं भांगेच्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली सोडले. मी दाराकडे पाहत होतो. कोणीही काही म्हटलं नाही.

पहिले काही दिवस कसलाच फरक पडला नाही. मी धास्तावलो, ती धास्तावली नाही. मग बाईंनी फोनवर थेंब वाढवायला सांगितले. एक दिवस दुपारी ती सलग झोपली, आणि श्वास चालू आहे की नाही ते पाहायला मी तीनदा जाऊन आलो. पुढच्या आठवड्यात तिनं बसून जेवण केलं. दुखणं गेलं असं नाही, आजही आहे. पण ते आता घरात राहतं, घर चालवत नाही.

आणि मग एका रविवारी ती पलंगावर बसून मेथी निवडत होती. हाक मारली, "अहो, इकडे या. माझ्या पाठीवर हात ठेवून पाहा."

मी जागचा हललो नाही. "दुखलं तर?"

"दुखलं त सांगन. तोंड हाये मले."

मी हात ठेवला. अगदी कडेला, जिथं कधी दुखतच नव्हतं अशा जागी.

"तिथं नाही. खाली."

मी बोटभर खाली आलो.

"आणखी."

डोळे भरून आले होते, पण मी तिच्या मागं होतो म्हणून तिला दिसले नाहीत. त्या पट्ट्यावर हात आला तेव्हा तिनं एक श्वास रोखला. मी हात काढणार, तेवढ्यात म्हणाली, "राहू द्या."

मी राहू दिला. ती मेथीची काडी तोडत, मान न वळवता म्हणाली, "बाप्पा बाप्पा! आयुष्यभर फायली सरकवल्या या माणसानं, अन् बायकोच्या पाठीवर हात सरकवाले अर्धा तास लावते!"

अर्धा तास झाला नव्हता. फार तर दोन मिनिटं. पण ही दुरुस्ती मी सुचवली नाही.